दारणेतल्या बेटावर आत्या

पल्लवीच्या पप्पांनी सरळ सांगून टाकलं होतं. वत्सलाआत्या म्हणेल ते फायनल.

म्हणजे झालं होतं असं, की पल्लवीला उत्तरकाशीला जायचं होतं. गिर्यारोहणाचा कोर्स, महिनाभराचा, बर्फातला, आणि कॉलेजच्या ट्रेकिंग क्लबमधून एकट्या तिचीच निवड झालेली. अंजनेरी, हरिहर, ब्रह्मगिरी, सगळं तिने पालथं घातलं होतं, पण दर वेळी संध्याकाळी घरी. रात्र बाहेर काढायची म्हटलं की पप्पांचा चेहरा असा व्हायचा की जसं काही बॉयलर बंद पडलाय. पप्पा एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात बॉयलरवरच होते, त्यामुळे घरात चेहऱ्यांची तुलना त्याच्याशीच व्हायची. कोर्सचं नाव काढल्यावर आधी ते नाही म्हणाले, मग पल्लवी जेवली नाही, मग ते जेवले नाहीत, मग आई म्हणाली, दोघांनी मिळून माझा स्वयंपाक वाया घालवू नका. शेवटी पप्पाच म्हणाले, "ठीक आहे. कॉलनीतल्या पोरी घे, कुठेतरी एक रात्र तंबूत राहून दाखव. वत्सूताई बरोबर येईल. ती म्हणाली पोरगी सांभाळून नेते, तर जा उत्तरकाशीला. ती नको म्हणाली तर हा विषय माझ्यासमोर पुन्हा काढायचा नाही."

आता वत्सलाआत्या म्हणजे काय प्रकरण आहे, ते तेव्हाच्या एकलहऱ्याच्या कॉलनीत कुणालाही विचारा. ती गॅलरीत बसली असली की पोरं सायकलवरून उतरून चालत जायची. एका लग्नात तिने आचाऱ्याची बासुंदी तीनदा परत पाठवली होती, आणि लग्न तिच्या घरचं नव्हतंच. महिला मंडळाची भांडी तिच्या ताब्यात असायची आणि एक चमचा जरी कमी आला तरी ती घरी येऊन मोरीत बघायची. पप्पांपेक्षा मोठी, दिंडोरीकडची, बोलायला फटकळ. अशी बाई नदीकाठी तंबूत झोपणार, आणि वर येऊन खूश झाले म्हणणार? पल्लवीची मैत्रीण शाझिया म्हणालीच, "पल्ले, तू उत्तरकाशी विसर. सरळ पापड लाटायला शीक."

पण पल्लवीला म्हणजे ना, स्वतःवर इतका विश्वास, इतका विश्वास, की समोरच्यालाच शंका यावी आपलंच काहीतरी चुकतंय. ती म्हणाली, "बघशील. आत्या दुसऱ्या दिवशी घरी यायलाच तयार होणार नाही."

तर अठ्ठ्याण्णवचा जानेवारी. संक्रांत नुकतीच झालेली, थंडी मस्त, शनिवारचा दिवस. भाड्याच्या कमांडर जीपमध्ये पल्लवी, शाझिया, शाझियाची छोटी बहीण माजिदा आणि कॉलनीतल्या आणखी चार पोरी, ह्या पाचही आठवी-नववीच्या. पुढच्या सीटवर आत्या, मांडीवर महिला मंडळाचं मोठं पातेलं. पातेलं मागे ठेवू का असं ड्रायव्हरने विचारलं, तर ती म्हणाली, "तुमची गाडी मागं ठेवा, पातेलं नाय."

जायचं होतं दारणेच्या काठी. घोटीच्या बाजूला धरणाच्या खाली वनखात्याने नवीनच उद्यान केलं होतं, फार लोकांना माहीत नव्हतं. फाटकातून आत गेलं की अर्जुनाची जुनी झाडं, त्यांच्याखाली तंबू लावायला केलेले मातीचे सपाट ओटे, एक हातपंप, दोन झोपाळे, आणि पुढे उतारावरून थेट नदी. हिवाळ्यात नदी म्हणजे काय, तर काठाजवळून एक झुळझुळता प्रवाह, मग वाळू-गोट्यांचं एक लांबोडकं बेट, आणि बेटाच्या पलीकडे मोठं पात्र. बेटावर हिरवं लुसलुशीत गवत, दोन करंजाची झुडपं, पांढरे बगळे. इतकं सुंदर, की पोरी जीप थांबायच्या आधीच उतरायला लागल्या.

उद्यानाचा राखणदार होता बारकू. त्याने ओटे दाखवले, पंप हापसून दाखवला, म्हणाला, "तंबू हितं ठोका. मी जेवून येतो घरून, गाव हे काय फाटकाच्या पल्याड हाय." आणि सायकलवर टांग मारून गेला पण.

पल्लवीने ओटे बघितले. ओट्याशेजारी कुणीतरी आदल्या रविवारी खाल्लेल्या भेळेचे कागद. मग तिने बेट बघितलं. मग आत्या बघितली. आत्या नाकाला पदर लावून त्या कागदांकडे बघत होती.

झालं. तिच्या डोक्यात आलं ते आलं. म्हणाली, "आपण तिथं राहायचं. बेटावर."

शाझिया म्हणाली, "अगं पण तो म्हणाला इथं ठोका."

"तो सगळ्यांनाच सांगत असेल. पिकनिकवाल्यांना. आपण काय पिकनिकवाले आहोत का?"

प्रवाह घोट्याएवढा होता, माजिदा तर उड्या मारत पलीकडे गेली. आत्याने साडी जरा वर धरली, चपला हातात घेतल्या आणि पाण्यात पाय घातला, आणि एकदम थांबली. पल्लवीला वाटलं, गेलं, आता काहीतरी बोलणार. तर आत्या म्हणाली, "काय गार हाय गं." आणि तिथेच पाण्यात उभी राहिली, पायाची बोटं हलवत, बराच वेळ. पल्लवीने शाझियाला कोपराने ढोसलं.

तंबू लागले. आता पल्लवी तंबू कसा लावते ते बघण्यासारखं असतं, कारण ती एकाच वेळी खुंटी मारते, दुसरीला ओरडते आणि तिसरीला दोरीची गाठ शिकवते. आत्या गोट्यांवर सतरंजी टाकून बसली होती आणि हे सगळं बघत होती. दर थोड्या वेळाने एखादा शेरा. "ती खुंटी वाकडी हाय." "त्या पोरीला टोपी घालायला सांग." "तू बोलतीस लय, पण काम होतंय." हे शेवटचं पल्लवीने मनात दोनदा म्हणून घेतलं.

दुपारी खिचडी झाली, वरून तूप, बरोबर लोणचं आणि तिळाच्या वड्या. आत्याने दुसऱ्यांदा मागून घेतली. म्हणाली, "नदीच्या पाण्याला चव हाय." पल्लवीने लगेच सांगितलं की पाणी पंपाचं आहे, नदीचं उकळल्याशिवाय प्यायचं नाही. आत्याने तिच्याकडे जरा रोखून बघितलं आणि मान हलवली. म्हणजे तेही जमलं. पल्लवीच्या डोळ्यांसमोर बर्फच पडायला लागला.

जेवणं झाली, पोरी वाळूत पत्ते खेळायला बसल्या, शाझिया काठाच्या प्रवाहात बसून भांडी घासायला लागली. पातेल्याला मात्र आत्याने कुणाला हात लावू दिला नाही, ते तिने स्वतः घासून पुसून सतरंजीवर पालथं घातलं. आणि तेवढ्यात भोंगा झाला.

लांबून, वरच्या बाजूने, मोठा, खर्जातला, लांबलचक. थांबला आणि पुन्हा झाला.

आता तुम्ही-आम्ही असतो तर वर मान करून विचारलं असतं, हे काय आहे. पण ह्या सगळ्या एकलहऱ्याच्या. कॉलनीत जन्मल्या, कॉलनीत वाढल्या. तिथे दिवसच भोंग्यावर चालतो. सकाळचा झाला की डबे भरायचे, दुपारचा झाला की चहा टाकायचा, रात्रीचा झाला की दार लावायचं. भोंगा झाल्यावर तिथे कुणी घाबरत नाही, तिथे भोंगा झाला नाही तर घाबरतात. पत्ते खेळणाऱ्या पोरींपैकी एकीने मान पण वर केली नाही, नुसतं म्हणाली, "पप्पा सुटले." आणि पान टाकलं.

आत्या म्हणाली, "तीनचा झाला. चहा टाका गं."

शाझियाने भांडी घासता घासता विचारलं, "आत्या, इथं कसा ऐकू येईल? एकलहरे कुठं, आपण कुठं."

"वारा तिकडून हाय," आत्या म्हणाली.

वारा तिकडून नव्हताच. पण पल्लवी म्हणाली, "थंडीत आवाज लांब जातो, आम्हाला फिजिक्सला होतं." आणि स्टोव्हला पंप मारायला लागली. खरं म्हणजे तीन वाजलेच नव्हते. पण भोंगा झाल्यावर घड्याळ कोण बघतं? कॉलनीत घड्याळं भोंग्यावर लावतात.

चहाला आधण आलं. आत्या आल्याचा तुकडा ठेचत होती. आणि माजिदा म्हणाली, "आपा, तुझं झाकण पळालं."

शाझियाने बघितलं तर कुकरचं झाकण, जे तिने शेजारच्या दगडावर ठेवलं होतं, ते तरंगत, गिरक्या घेत चाललं होतं. ती हसली, उठली, दोन पावलं टाकून झाकण धरलं. आणि मग ती वळली आणि म्हणाली, "पल्ले." एवढंच. पण असं म्हणाली की पल्लवीने स्टोव्ह तसाच सोडला.

ज्या दगडावर झाकण होतं तो दगडच आता दिसत नव्हता. शाझिया घोट्याएवढ्या पाण्यात बसली होती, ती आता पोटरीपर्यंत होती. पाण्याचा रंग बदललेला, मातकट, वर पाला, काड्या, फेस. आणि आवाज. मघाशी झुळझुळ होती, आता नुसती घुमणारी एक गुरगुर, वरच्या अंगाने.

पल्लवीने वरच्या अंगाला बघितलं. भोंगा आपला नव्हता. धरणाचा होता. खालच्या शेतांना पाणी सोडलं होतं, गव्हाला, उसाला, आणि सोडायच्या आधी लोकांनी नदीतून बाहेर यावं म्हणून भोंगा दिला होता. सगळ्या नदीकाठाला कळलं होतं. ह्या चहा टाकत बसल्या होत्या.

आता खरं सांगायचं तर तिच्या डोक्यात आधी उत्तरकाशी आली. एक क्षण. आत्या, पप्पा, विषय बंद. आणि पुढच्या क्षणी ती गेली पण, कारण समोर पाच लहान पोरी पत्ते खेळत होत्या.

"पत्ते ठेवा," ती म्हणाली. ओरडली नाही. "सगळ्यांनी बूट घाला. अनवाणी कुणी नाही. सामान तसंच राहू द्या."

"चहा..." आत्या म्हणाली.

"आत्या, पाणी वाढतंय. तो भोंगा धरणाचा होता."

आत्याने नदीकडे बघितलं. तिचा हात आल्याच्या तुकड्यावरच राहिला.

क्लबचा दोर तंबूतच होता, चांगला जाड, पन्नास हात. शाझिया उंच, पायाने घट्ट, आणि तिला पोहता यायचं. पल्लवी म्हणाली, "शाझू, दोराचं टोक घेऊन जा. तिरकी जा, खालच्या बाजूला. त्या अर्जुनाला बांध, कमरेच्या उंचीवर. आणि ऐक, अंगाला बांधायचा नाही, हातात धरायचा. पाय घसरला तर दोर सोडून पोहायचं."

"तू मला शिकव आता," शाझिया म्हणाली आणि निघाली. पाणी तिच्या गुडघ्याला होतं, मध्ये मांडीला. ती पलीकडे पोचली, झाडाला तीन वेढे दिले, गाठ मारली, ओढून बघितली. इकडचं टोक पल्लवीने बेटावरच्या एका मोठ्या खडकाला बांधलं. दोर ताणला.

मग पोरी. एकेक नाही, दोघी-दोघी, आणि त्यांच्या खालच्या अंगाला पल्लवी. "तोंड पाणी येतंय तिकडे. दोन्ही हात दोरावर. पाय उचलायचा नाही, घासत न्यायचा. खाली बघायचं नाही, शाझियाकडे बघा. ती बघा कशी माकडासारखी उभी आहे." पोरी हसल्या आणि हसत हसत निम्मा प्रवाह पार झाला. पल्लवी त्यांना पोचवायची आणि परत यायची, पोचवायची आणि परत यायची. माजिदाला तिने शेवटी पाठंगुळी घेतलं, कारण पाणी तोपर्यंत माजिदाच्या छातीला लागलं असतं. माजिदा तिच्या कानात विचारत होती, "पल्लवीदीदी, हा पण कॅम्पचा भाग आहे का?" पल्लवी म्हणाली, "हो. मुख्य भाग."

राहिली आत्या.

आत्याने साडीचा काष्टा मारला होता, पदर खोचला होता, आणि कडेवर पातेलं. मंडळाचं. पन्नास माणसांची आमटी होईल एवढं.

"आत्या, पातेलं ठेव."

"मंडळात काय तोंड दाखवू?"

"आत्या, दोन्ही हात दोराला लागतात."

"मग तू घे. पातेल्याशिवाय मी इथून हलणार नाय."

बेट आता निम्मं झालं होतं. एका तंबूच्या खुंट्या पाण्यात. वाद घालायला वेळच नव्हता. पल्लवीने पातेलं घेतलं, एका कडीने मनगटात अडकवलं, आणि आत्याच्या खालच्या बाजूला उभी राहिली. "चल. माझ्या आधी पाऊल टाकायचं नाही."

आत्या चालली बरं का. पहिला निम्मा प्रवाह अशी चालली की पल्लवीलाच नवल वाटलं. पाणी कमरेला, साडी फुगलेली, ओठ घट्ट मिटलेले, काहीतरी पुटपुटत. आणि बरोबर मध्यावर आत्याच्या पायाखालचा गोटा सरकला. एक पाय गेला, एक हात सुटला, आणि आत्या दोराला एका हाताने लोंबकळली, डोळे असे मोठे. पल्लवीने विचारबिचार काही केला नाही. मनगट झटकलं, पातेलं सोडलं, आणि तो हात आत्याच्या कमरेत घातला, घट्ट, काष्ट्यासकट. दुसरा हात दोरावर. पाणी दोघींना ढकलत होतं, आणि पल्लवीचे पाय असे रोवलेले, जसे हरिहरच्या खोबणीत रोवतात.

"पाय शोध," ती म्हणाली. "आत्या, माझ्याकडे बघ. पाय खाली आहे, शोध. घाई नाही."

आत्याने पाय शोधला. सापडला. दुसरा हात दोरावर आला. आणि मग ती पल्लवीच्या कानाशी म्हणाली, "पातेलं चाललं."

पातेलं खरंच चाललं होतं. सरळ, ऐटीत, होडीसारखं, नाशिकच्या दिशेने.

"जाऊ दे," पल्लवी म्हणाली. "पाय घासत."

काठावर शाझियाने आत्याला हात देऊन वर घेतलं. सगळ्याजणी अर्जुनाजवळ उन्हात बसल्या, थडथड कापत. तेवढ्यात फाटकातून सायकल वाजवत बारकू आला, धापा टाकत. "भोंगा झाला तरी तुमी बेटावर? मला घरी ऐकू आला, मी म्हणलं बायामाणसं नदीत उतरली आसतील. उष्ट्या हातानं तसाच निघालो." पल्लवी बुटातलं पाणी ओतत होती. आत्याच म्हणाली, "आमच्याकडं भोंग्याला चहा घेतात, बाबा." बारकूला काही कळलं नाही, पण तो गोवऱ्या-लाकडं आणायला पळाला.

शेकोटी पेटली. एक तंबू वाहून गेला होता, दुसरा आणि त्यातल्या कपड्यांच्या सॅका शाझियाने आणि बारकूने पाणी आणखी वाढायच्या आत, दोराला धरून जाऊन आणल्या. स्टोव्ह गेला, तिळाच्या वड्या गेल्या. ऊन उतरेपर्यंत बेट म्हणून काही नव्हतंच, नुसते करंजांचे दोन शेंडे आणि भोवती वाहणारं पाणी. पोरी कोरडे कपडे घालून त्याच्याकडे बघत बसल्या होत्या.

आत्या म्हणाली, "उद्या येणाऱ्या जीपवाल्याला आत्ताच बोलवा. घरी जाऊ."

पल्लवी शेकोटीत लाकूड सारत होती. ती थांबली. घरी म्हणजे काय, ते तिला दिसतच होतं. ओल्या पोरी जीपमधून उतरणार, अख्खी कॉलनी गॅलरीत, आणि ह्या पाचजणींना त्यांच्या घरचे पुन्हा कधी कॉलनीच्या फाटकाबाहेर सोडणार नाहीत. तिच्या कोर्सचं तर बोलायलाच नको.

"आत्या, मी बेट निवडलं ते चुकलं," ती म्हणाली. "बारकूभाऊंनी सांगितलं होतं इथं ठोका, मी ऐकलं नाही. पण आता आपण इथं ओट्यावर आहोत, उंचावर, कोरड्यात. आत्ता घरी गेलो तर ह्या पोरींना नदी म्हटलं की आजची दुपारच आठवेल. रात्र राहिलो तर उद्या सकाळ पण आठवेल. मी म्हणते राहायचं."

"आम्हाला पण राहायचंय," माजिदा म्हणाली. बाकीच्या पण मान हलवायला लागल्या.

आत्याने शाझियाकडे बघितलं. शाझिया म्हणाली, "माझ्याकडे काय बघताय आत्या. ही असलं काही ठरवते तेव्हा मी नुसता दोर धरते."

"तुझ्या बापाला, दत्तूला, फोन करायला पाहिजे," आत्या म्हणाली. "तो काय म्हणतो ते बघू."

पल्लवी आणि आत्या गावात निघाल्या. शाझिया पोरींजवळ थांबली. वाटेला दोन्ही बाजूंनी गहू, पाटाला पाणी आलेलं, तेच पाणी, आता काय शहाण्यासारखं वाहत होतं. आत्या पल्लवीची ट्रॅकपँट घालून चालली होती, वरून शाल. गावातली दोन माणसं वळून बघायला लागली, तर तिने त्यांच्याकडे असं बघितलं की ती वाट सोडून शेतात उतरली.

थोडं गेल्यावर ती म्हणाली, "हे बघ. पाण्याचं मी काही बोलणार नाय. सगळं छान हाय म्हणणार. तू पण तोंड उघडायचं नाय. कोर्सला जायचं ना तुला?"

पल्लवी चालता चालता थांबली. आत्या, आणि खोटं बोलणार. तिच्यासाठी. "पण पोरी सांगतील," ती म्हणाली. "आणि तंबू गेला, पातेलं गेलं."

"पातेल्याचं मी बघते."

"नको आत्या. मी सांगते पप्पांना. बेट मी निवडलं होतं."

"आणि भोंगा कुणी निवडला? मीच म्हणले ना तीनचा झाला? तू गप बस. मोठ्यांच्या मध्ये बोलू नको."

किराणा दुकानात फोन होता. दुकानदाराने नंबर लावून दिला आणि मुद्दाम तिथेच तांदूळ निवडत बसला. आत्याने रिसीव्हर दोन्ही हातांनी धरला.

"दत्तू? हां, मी बोलते. सगळं छान हाय. हो, जेवलो, खिचडी. पोरी मजेत. हवा चांगली हाय." इथपर्यंत नीट चाललं होतं. आणि आत्याला शिंक आली. एक, मग दुसरी. "काय? सर्दी नाय रे. ओली झाले होते म्हणून." पल्लवीने कपाळाला हात लावला. "ओली म्हणजे ओली. पाण्यात. नाय, पडले नाय, पडणार होते." मग आत्या थांबली. पलीकडून पप्पा काहीतरी बोलत होते, आवाज बाहेरपर्यंत येत होता. आणि आत्याला, काय सांगायचं, राहवेचना. एवढी मोठी गोष्ट पोटात, आणि ऐकणारा भाऊ. "अरे ऐकून तर घे आधी. धरणाचं पाणी सोडलं, इतकं पाणी, इतकं पाणी, हत्ती वाहून जाईल. आणि आम्ही मधोमध. बेटावर. हो, तुझ्या पोरीनंच नेलं बेटावर. आणि भोंगा झाला तो मी आपला म्हणले. हस तू, हस. तुझी बायको इथं असती तर तिनं पण चहाच टाकला असता. मग? मग तुझ्या पोरीनं दोर बांधला. सगळ्या पोरी पलीकडं नेल्या. ओरडली नाय, रडली नाय. पोरींना हसवत नेलं, दत्तू, त्या पाण्यातून. आणि माझा पाय सुटला, तर पातेलं टाकून मला धरलं. मंडळाचं मोठं. हो, तेच. गेलं. पातेल्याला काय करायचंय, मी म्हणते."

दुकानदाराचा तांदूळ निवडायचा राहिला होता.

आत्याने रिसीव्हर पल्लवीच्या हातात दिला. "घे. रडायचं नाय."

"पप्पा," पल्लवी म्हणाली.

"बेटावर तंबू लावायला कुणी सांगितलं होतं?"

"कुणी नाही. राखणदाराने दुसरी जागा दाखवली होती. मी ऐकलं नाही."

"सगळ्या आल्या पलीकडे?"

"सगळ्या. शाझिया होती बरोबर."

"कुणाला लागलंय?"

"नाही. आम्ही आज इथंच राहणार आहोत पप्पा, वर ओट्यावर. सकाळी पोरींना पक्षी दाखवायचेत." हे तिने विचारलं नाही, सांगितलं. सांगून झाल्यावर तिचं तिलाच कळलं.

"वत्सूताईला दे."

आत्या ऐकत राहिली. "हां. हां. ते तर हायच. चुकली ना, मी कुठं नाय म्हणते. तू नाय चुकत का तुझ्या बॉयलरवर? हां. नाय, ती नाय घाबरली, मी घाबरले. तू मला विचारतोस ना, मग मी सांगते. हां. बरं. बुधवारी चालेल." आणि तिने रिसीव्हर ठेवला, शाल सारखी केली, आणि दुकानदाराला म्हणाली, "बघता काय, दोन किलो बटाटे द्या. आणि कांदे. पोरी उपाशी हायेत माझ्या."

पल्लवी उभीच. "आत्या, काय म्हणाले?"

"काय म्हणणार. अहो, मऊ कांदे देऊ नका. म्हणाला, बर्फात चालायचे बूट नाशिकला कुठं मिळतात. मी म्हटलं, मला काय ठाऊक, पोरीला विचार. तर म्हणाला, बुधवारी दोघी जाऊन बघून या."

पल्लवीला इतकं मोठ्याने ओरडायचं होतं, इतकं मोठ्याने, पण दुकानात चार माणसं जमलेली, म्हणून तिने बटाट्याची पिशवी उचलली, कांद्याची पण उचलली, आणि आत्याच्या पुढे, जवळजवळ पळतच, वाटेला लागली.

"हळू चाल," आत्या मागून म्हणाली. "ही तुझी पँट घसरते मला."